मेडिकल कॉलेज काढायचं ठरलं होतं: सांगलीच्या पूर्व भागातल्या एका ट्रस्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टचं आहे. गावाचं, ट्रस्टचं, माणसांचं नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल अशा काही खुणा मुद्दाम बदलल्यात. मी त्या ट्रस्टवर विश्वस्त आहे, मिटिंगची टिपणं ठेवायचं काम माझ्याकडं असतं, त्यामुळं इथं जे येतंय ते बरंचसं माझ्या वह्यांमधलंच आहे.

आमच्याकडं पेशंट जड झाला की घरातलं कुणीही एकच बोलतं, मिरजेला न्या. आजोबांच्या काळात हेच, आजही हेच. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं कसं, हे या भानगडीत पडेपर्यंत आम्हाला नीट माहीत नव्हतं. विल्यम वॉन्लेस नावाचे मिशनरी डॉक्टर तिथं आले, १८९४ साली त्यांनी दवाखाना उघडला, आणि हाताखाली शिकलेली माणसं लागतात म्हणून १८९७ ला तिथंच मेडिकल स्कूल चालू केलं. म्हणजे आधी पेशंट आले, मग शिकवणं आलं. एमबीबीएसचं कॉलेज मिरजेत निघालं ते १९६२ ला, दवाखाना उघडल्यावर ६८ वर्षांनी. दवाखान्याच्या आजूबाजूनं मग नर्सा, लॅबवाले, मेडिकलची दुकानं, नातेवाइकांसाठी लॉज आणि खानावळी असं सगळं गाव उभं राहिलं. कराडचं उदाहरण वेगळ्या काळातलं. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी द्यायचं धोरण आलं आणि १९८४ ला कराडला कृष्णा मेडिकल कॉलेज सुरू झालं, मागं कृष्णाकाठचा बागायती ऊसपट्टा आणि सहकाराचं जाळं होतं. साताऱ्यात सरकारी मेडिकल कॉलेज त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २०२१-२२ च्या वर्षात १०० जागांनी सुरू झालं.

आमच्या भागात ऊस नाही की नदी नाही. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं तिथं द्राक्ष-डाळिंब झाली, पण त्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगल्या. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत जिथं सराफ कट्टा आहे तिथं आमच्या भागातला गलाईवाला सापडतो. ट्रस्टचा दवाखाना याच माणसांच्या पैशावर आणि गावातल्या शिक्षकांच्या खटपटीवर उभा राहिला. ६० खाटा, दिवसा ओपीडी भरलेली, दर चांगले कमी. रात्री मात्र एक एमओ (मेडिकल ऑफिसर) आणि दोन सिस्टर.

मग २०२१ चा एप्रिल-मे आला. त्या दिवसांत आमच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या किती खाटा होत्या आणि दारात किती गाड्या उभ्या होत्या, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. मिरज-सांगलीला फोन लावून लावून लोक थकले. गावातली कर्ती माणसं गेली. दसऱ्यानंतर गलाईवाले गावी आले तेव्हा ट्रस्टची मोठी सभा झाली आणि तिथं एक मागणी पुढं आली, आपलं स्वतःचं मेडिकल कॉलेज पाहिजे.

अडचण

त्या सभेत एक रिटायर हेडमास्तर उठले. रयतचे माजी विद्यार्थी. म्हणाले, कर्मवीरांनी १९१९ ला काले गावात रयत काढली तेव्हा त्यांच्याकडं काय होतं, मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, आणि आपण एवढे शिकलेसवरलेले असून कॉलेज काढू शकत नाही का? सभा एकदम पेटली. जागेवरच एका शेतकरी कुटुंबानं रस्त्याकडेची २० एकर जमीन द्यायचं कबूल केलं, गलाईवाल्यांनी आकडे बोलायला सुरुवात केली. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे बापू म्हणतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं होतं.

मागणी खरी होती. पण ती नेमकी कशाची होती हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, आणि आमच्या पुढच्या जवळपास दोन वर्षांच्या ओढाताणीचं मूळ तिथंच आहे असं मला वाटतं.

लोक बाहेर काय बोलत होते ते मी नंतर पाराजवळ, चहाच्या टपरीवर ऐकलं. एक म्हणत होता, "कालिज झालं की डाक्तर हितंच राहत्याल." दुसरा म्हणत होता, "आपल्या पोरास्नी शीट मिळंल, लातूरला क्लासला घालायला नको." तिसऱ्याला रस्ता, दुकानं, भाड्याच्या खोल्या दिसत होत्या. आणि बायका मात्र एकच गोष्ट बोलत होत्या, रात्री बाळंतपण अडलं तर काय. म्हणजे कॉलेज हा एकच शब्द आणि त्यात चार वेगवेगळ्या अपेक्षा कोंबलेल्या.

आमच्या मेट्रन बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, आधी रेफरचं रजिस्टर वाचा की." मी वाचलं, पण लगेच नाही, चार महिन्यांनी. त्यात रात्रीच्या रेफरची कारणं पुन्हा पुन्हा तीच होती: भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही, रक्त नाही, बाळाला व्हेंटिलेटर लागेल. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम गावातच राहतात, सिझर करायची त्यांची तयारीही असते, पण भूल कोण देणार आणि रक्त कुठनं आणणार? म्हणून मिरज. दोन तासांचा रस्ता, त्यात घाट, आणि पुढं टोकन.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय अर्थातच स्वतःचं एमबीबीएस कॉलेज. बापूंनी पुण्याकडच्या एका सल्लागाराला बोलावलं, त्यानं रंगीत फाइल करून दिली, फी घेतली आणि नियमांचं पान शेवटी ठेवलं. ते पान वाचल्यावर कळलं की आम्ही ज्याला सगळ्यात मोठी गोष्ट समजत होतो ती जमीन, ती आता अटच राहिली नव्हती. पूर्वीच्या मेडिकल कौन्सिलच्या काळात अमुक एकर सलग जागा पाहिजे असं असायचं, २०२० च्या नियमांत ती एकरांची अट काढून टाकली. त्याऐवजी आधीपासून चालू असलेलं ३०० खाटांचं हॉस्पिटल मागितलं होतं. आमच्या खाटा ६०. आणि नुसत्या खाटा टाकून चालत नाही, त्या भरलेल्या लागतात. वर अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्मकॉलॉजी, पॅथॉलॉजी अशी विभागवार पूर्णवेळ माणसं लागतात, त्यांची हजेरी आधारशी जोडलेली. जिथं आम्हाला एक भूलतज्ज्ञ मिळत नव्हता तिथं अॅनाटॉमीचे प्रोफेसर कुठनं आणायचे? राज्य सरकारचं आवश्यकता प्रमाणपत्र आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता हे वेगळंच.

दुसरा अडथळा प्रवेशांचा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉलेज आपण काढलं, पैसे आपण घातले, तरी त्यात कोण शिकणार हे आपण ठरवू शकत नाही. प्रवेश 'नीट' या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर आणि राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांतनं होतात. खाजगी कॉलेजात १५ टक्के संस्थास्तरावरच्या जागा असतात, पण तिथंसुद्धा नीट लागतेच. पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० असं विभागवार आरक्षण होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तेही २०२० मध्ये गेलं. तालुक्याच्या, गावाच्या पोरांना जागा ठेवायची कसलीही सोय कायद्यात नाही. देणगी घेऊन जागा द्यायची म्हणाल तर कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. आणि फी? ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती कॉलेजच्या खर्चावर बसते, म्हणजे आमच्याकडच्या डाळिंबवाल्याच्या पोराला ती परवडणारी नसणार हे उघड होतं. मग शिकायला येणार मुंबई-पुण्याची, परराज्यातली मुलं. ती चांगलीच असतील, पण डिग्री झाल्यावर ती इथं का राहतील?

याच सुमारास मिरजेच्या एका निवृत्त डॉक्टर मॅडमनी आम्हाला फिलिपिन्समधल्या झाम्बोआंगाची गोष्ट सांगितली. मिंदानाओ बेटाच्या पश्चिम टोकाचं हे शहर, आजूबाजूला गरीब आणि अशांत मुलूख, डॉक्टर नसलेली गावंच्या गावं. १९९४ ला तिथल्या स्थानिक डॉक्टरांनी आणि प्रतिष्ठित लोकांनी मिळून फाउंडेशन काढलं आणि मेडिकल स्कूल चालू केलं. डॉक्टर आपापली प्रॅक्टिस सांभाळून पगार न घेता शिकवायचे, इमारतीवर पैसा घातला नाही, आहे त्याच हॉस्पिटलांत शिकवलं, आणि मुलांना पहिल्या वर्षापासून दरवर्षी गावांत राहायला पाठवलं, तीच मुलं परत परत त्याच गावात. पुढं ते तिथल्या आतेनेओ विद्यापीठाचा भाग झालं. परिणाम काय, तर तिथनं डॉक्टर झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक त्याच भागात काम करतात, तर एकूण फिलिपिन्सचे ६८ टक्के मेडिकल पदवीधर देशाबाहेर जातात असं सांगतात. तिथं डॉक्टर असलेल्या नगरपालिकांची संख्या ५५ टक्क्यांनी वाढली. कॉलेज सुरू झाल्यापासून त्या विभागातला बालमृत्यूदर जवळपास ९० टक्क्यांनी कमी झाला, त्याच काळात देशाचा साधारण ५० टक्क्यांनी. हे सगळं श्रेय कॉलेजचं एकट्याचं म्हणता येणार नाही, रस्ते, लसी, पाणी हे पण त्यात आलं, पण तरीही.

हे ऐकून सभेत परत उत्साह आला. "बघा, त्यांनी केलं, मग आपण का नाही?" पण मॅडम स्वतःच म्हणाल्या, "थांबा, त्यांच्या हातात काय होतं ते बघा. पोरं कुठली घ्यायची ते त्यांच्या हातात, शिकवणार कोण ते त्यांच्या हातात, आणि हॉस्पिटल आधीच होतं. तुमच्या हातात यातलं काय आहे?" मी ते वाक्य वहीत दोनदा लिहिलंय, चुकून असेल, पण दोनदा.

सेवाग्रामचाही विचार झाला. तिथं १९६९ ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज काढलं, प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, आणि आजूबाजूच्या गावांतनं ज्वारी गोळा करून दवाखान्याचा विमा चालवायची योजना होती. ज्वारीचा विमा ऐकून आमच्या म्हाताऱ्या मंडळींना फार बरं वाटलं, आमचा मुलूखच ज्वारीचा. पण सेवाग्रामच्या कॉलेजमागं कस्तुरबा हॉस्पिटल कितीतरी आधीपासून होतं आणि सरकारचा मोठा आधार होता.

तिसरा पर्याय म्हणजे सरकारच्या मागं लागून पीपीपीमध्ये, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारीत, सरकारी रुग्णालयाला जोडून काहीतरी करणं. आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, त्यामुळं यावर फार बोलणंच झालं नाही. आता मागं वळून बघताना वाटतं, बोलायला हवं होतं.

चौथा पर्याय मेट्रन बाईंचा. नर्सिंग स्कूल. आणि पाचवा पर्याय त्याच निवृत्त मॅडमनी सांगितला, जो आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हता: एमबीबीएस कॉलेज नसतानाही दवाखान्यात डॉक्टर शिकवता येतात. दिल्लीचं नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा देतं, फॅमिली मेडिसिन, भूल, स्त्रीरोग, बालरोग असे, आणि ते मध्यम आकाराच्या दवाखान्यांनाही मिळू शकतात, पुरेशा खाटा, अनुभवी तज्ज्ञ आणि पुरेशा केसेस दाखवाव्या लागतात. विद्यार्थी नीट-पीजीतनं येतात, पण दोन वर्षं ते तुमच्याच वॉर्डात राबतात, रात्री पण.

निर्णय कसा झाला

२०२२ च्या उन्हाळ्यात बापूंनी कागदावर मांडायला सांगितलं. एका बाजूला लोकांच्या त्या चार मागण्या, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पर्यायानं त्यातली कुठली पुरी होते. एमबीबीएस कॉलेजनं रस्ता आणि दुकानं नक्की आली असती, डॉक्टर कदाचित, गावच्या पोरांना जागा नाहीच, आणि बाळंतपणाचं काम व्हायला किमान सात-आठ वर्षं. हे बघून ७ पैकी ५ विश्वस्त कॉलेज नको म्हणाले. हेडमास्तर या निर्णयाच्या विरोधात होते आणि एक तरुण गलाईवाले पण. हेडमास्तरांचं म्हणणं मी इथं तसंच लिहितो कारण ते मला अजून पटतं: "तुम्ही आज जे परवडत नाही म्हणताय ते १९१९ लाही परवडत नव्हतं."

त्यांना आम्ही उत्तर दिलं की शाळेला शिक्षक आणि फळा लागतो, मेडिकल कॉलेजला भरलेले वॉर्ड लागतात, ते वर्गणीतनं येत नाहीत. उत्तर बरोबर होतं. त्यांचं समाधान झालं नाही.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये नियम परत बदलले. ५० जागांचं कॉलेज काढायला परवानगी आली, त्याला २२० खाटा, १०० जागांना ४२०, १५० जागांना ६०५. तरुण गलाईवाल्यानं रात्री साडेअकराला ग्रुपवर ते परिपत्रक टाकलं आणि खाली लिहिलं, "२२० म्हणजे जमतंय." ग्रुप परत पेटला. कुणी कर्ज काढू म्हणालं, कुणी पतसंस्थेचा विषय काढला. हा आमचा खरा कसोटीचा क्षण होता, कारण या वेळी नियम आमच्या बाजूनं सरकला होता आणि नाही म्हणायला कारण द्यावं लागणार होतं. बापूंनी तीन दिवस कुणालाच उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या ऑफिसात बोलावलं आणि भरलेल्या खाटांचं रजिस्टर पुढं ठेवलं. तोपर्यंत आमच्या खाटा ८० झाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच पावसाळा सोडला तर रिकाम्या असायच्या. बापू एवढंच म्हणाले, "२२० खाटांवर झोपायला माणसं आजारी पाडायची का आपण?" हातात पेन घेऊन बसलेल्या मला ते वाक्य जरा कठोर वाटलं, पण त्या तरुणानं मान डोलावली. खोटे पेशंट दाखवून इन्स्पेक्शन पार पाडायचे प्रकार सगळ्यांनी ऐकलेले होते, तो रस्ता नको यावर मात्र एकमत झालं.

काय केलं

एक, भूलतज्ज्ञ. ट्रस्टला एकट्याला पूर्ण पगार परवडत नव्हता, म्हणून गावातले दोन खाजगी नर्सिंग होम आणि आम्ही मिळून एका डॉक्टरांशी महिन्याचा करार केला, ते तालुक्याच्या ठिकाणीच राहायला आले, तिघांपैकी कुणीही बोलावलं की जायचं. खाजगी डॉक्टरांना आम्ही धर्मादाय म्हणजे धंद्याला स्पर्धा असं वाटायचं, त्यांच्याशी बोलायला जायलाच आम्हाला दोन महिने लागले. एकदा बसल्यावर मात्र अर्ध्या तासात ठरलं.

दोन, रक्त. स्वतःची रक्तपेढी काढणं आवाक्याबाहेर होतं, पण मिरजेच्या एका रक्तपेढीला जोडून रक्त साठवण केंद्र काढता येतं. एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) परवानगी, फ्रिज, जनरेटर, एक ट्रेनिंग झालेला टेक्निशियन. कागदपत्रांना आठ महिने गेले.

तीन, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दवाखाना बसवला. यानं पेशंट वाढले, खाटा १०० वर गेल्या, आणि १०० खाटांशिवाय नर्सिंग स्कूलला पुढं जाता येत नाही, त्यामुळं या क्रमानंच जावं लागलं.

चार, जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं स्कूल. इथं बारावीनंतर प्रवेश होतो आणि अर्ज करणाऱ्या बहुतेक मुली आजूबाजूच्या गावांतल्याच असतात, म्हणजे झाम्बोआंगाची जी खरी किल्ली होती, आपल्या भागातली पोरं आपल्याच भागात शिकवणं, ती आम्हाला डॉक्टरांत नाही पण नर्समध्ये सापडली. गलाईवाल्यांच्या निधीतनं निम्मी फी आणि बदल्यात पास झाल्यावर दोन वर्षं इथं पगारी नोकरी असं ठरलं. एका विश्वस्तानं सुचवलं की मुलींची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेऊ म्हणजे पळणार नाहीत. मेट्रन बाई ताडकन उठल्या, म्हणाल्या, "मी सुद्धा अशीच अडकवलेली होते." विषय तिथंच संपला.

पाच, फॅमिली मेडिसिनच्या डिप्लोमासाठी अर्ज. पहिल्या वर्षी तपासणीत आमची केस-पेपर नीट ठेवलेली नव्हती म्हणून नाकारला. वर्षभर एका क्लार्कला फक्त त्याच कामाला बसवलं.

काय झालं

रात्री सिझर आता गावात होतात. हे एक वाक्य लिहायला आम्हाला तीन वर्षं लागली. रेफरचं रजिस्टर बंद झालेलं नाही, बाळाला व्हेंटिलेटर लागला, डोक्याला मार असला, हार्ट अटॅक असला तर मिरजच. पण "भूलतज्ज्ञ नाही" हे कारण आता क्वचित दिसतं, आणि ते कधी दिसलं तर मेट्रन बाई त्याला लाल पेनानं गोल करतात.

नर्सिंगची पहिली बॅच अजून शिकतीय. वॉर्डात त्या मुली फिरायला लागल्यापासून जुन्या सिस्टर्सच्या वागण्यात फरक पडला, शिकवायचं म्हटल्यावर माणूस स्वतः पण नीट करतो. डॉक्टरही सकाळच्या राऊंडला थांबून समजावून सांगायला लागलेत. डिप्लोमाच्या दोन जागा दुसऱ्या प्रयत्नात मिळाल्या, पहिल्या वर्षी एकच भरली, मराठवाड्यातली मुलगी आहे, ती इथं राहील का नाही माहीत नाही. तिला आम्ही विचारलंही नाही, विचारून दडपण आणायचं नाही असं ठरवलंय.

नुकसानही झालं. जमीन देणारं कुटुंब दुखावलं. त्यांनी कॉलेजसाठी म्हणून दिली होती, पुढं दवाखान्यासाठी चालेल का विचारलं तेव्हा ते दोन महिने बोललेच नाहीत. आम्ही जमीन ट्रस्टच्या नावावर केलेली नव्हती हे नशीब, नाहीतर परत द्यायची म्हटलं तरी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आणि सगळा व्याप झाला असता. शेवटी त्यांनी त्यातली दोन एकर मुलींच्या होस्टेलसाठी दिली. काही देणगीदारांनी पैसे परत मागितले, ते परत केले. हेडमास्तर मिटिंगला येत नाहीत आता. घरी जातो मी त्यांच्याकडं, चहा होतो, दवाखान्याचा विषय ते काढत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

रजिस्टर पहिल्या आठवड्यात वाचायला हवं होतं. सभेच्या आधी. ते वाचून सभेत उभं राहिलो असतो तर लोकांनी कॉलेजऐवजी भूलतज्ज्ञासाठीच वर्गणी दिली असती असं मला वाटतं, निदान अर्ध्यांनी तरी.

प्रवेशांचं खरं चित्र त्याच सभेत सांगायला हवं होतं. "आपल्या पोरांना सीट" ही अपेक्षा आम्ही तयार केली नव्हती, पण ती ऐकू येत असताना गप्प बसलो, कारण त्या अपेक्षेवरच आकडे वाढत होते. हे चुकलं. पैसे परत मागणारे जवळपास सगळे त्याच आशेवरचे होते आणि त्यांना दोष देता येत नाही.

कमिटीत एकही बाई नव्हती. मेट्रन बाई, गावातल्या आशाताई, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम यांना आम्ही "माहिती विचारायला" बोलवायचो, ठरवायला नाही. ज्या प्रश्नावर शेवटी काम केलं तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता.

सरकारच्या दाराशी आम्ही पुरेसं गेलो नाही. ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय व्हावं, तिथं मेडिकल कॉलेजची इंटर्न आणि पीजी मुलं नियमित यावीत, यासाठी सगळ्या पक्षांना एकत्र करून दबाव टाकला असता तर ट्रस्टच्या दवाखान्यावरचं ओझं कमी झालं असतं. ट्रस्टच्या अभिमानापोटी सगळं आपणच करायचं असं आमच्या डोक्यात बसलं होतं. हा पर्याय आता परत घेतलाय, तालुक्यातल्या सरपंचांच्या सह्या गोळा होतायत.

आणि २०२३ चा निर्णय बरोबर होता का, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. माझं मत आजही नको असंच पडेल. पण ज्या दिवशी इथल्या १०० खाटा बाराही महिने भरलेल्या दिसतील आणि डिप्लोमाची दहा-बारा मुलं इथनं तयार होऊन गेलेली असतील त्या दिवशी हा विषय परत टेबलावर घ्यावा, आणि तेव्हा हेडमास्तरांना पहिली खुर्ची द्यावी, असा ठराव मी मागच्या मिटिंगला मांडला. मंजूर झाला, टिपणात आहे. तूर्त भूलतज्ज्ञांचा करार मार्चमध्ये संपतोय, त्यांना मिरजेतनं जास्त पगाराची ऑफर आहे, आणि त्यांच्या मुलीला तालुक्यात चांगली शाळा नाही हे त्यांचं खरं कारण आहे. पुढच्या रविवारी त्यावरच बसायचंय.